जड गोळ्यांच्या मार्थाबाई

मार्था डाबरे यांनी अर्धं आयुष्य बंदुकीच्या गोळ्या करण्यात घालवलं, पण एकही गोळी स्वतः झाडली नाही. कारण विचारलं की म्हणत, "स्वयंपाकिणीनं पहिल्या पंगतीला बसू नये." आणि मग आपणच पुढं पुस्ती जोडत, "शेवटच्या तरी कशाला?"

दुबई शहर मागं टाकून उंटांच्या रस्त्यानं आत गेलं की वाळवंटात एक खाजगी शूटिंग क्लब होता. मी तिथलं ऑफिस सांभाळत असे. परवाने, सभासदांच्या वर्गण्या, कुणाची गाडी वाळूत रुतली तर क्रेन, असली सगळी कामं. पुण्यातल्या शाळासोबत्यांना मी सांगायचो की आमच्या क्लबात गोळ्या ओतणारी बाई आहे, वसईची आहे आणि मराठीत शिव्या देते. कुणाचा विश्वास बसत नसे.

मार्थाबाई उंच आणि काटकुळ्या होत्या. पुण्याकडच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात तरुणपणी त्या गोळ्यांचा वेग मोजायच्या कामावर होत्या. तिथं कधीतरी भडका उडून त्यांच्या भुवया जळाल्या, त्या परत आल्याच नाहीत. रोज सकाळी पेन्सिलीनं त्या भुवया काढत. क्लबाच्या बसमध्ये, हलत्या गाडीत काढत असल्यामुळे त्या रोज वेगळ्या उंचीवर असत. काही दिवशी बाई दिवसभर चकित दिसत, काही दिवशी संशयी. क्लबातला रेंजमास्टर शेर झमान, हा पेशावरकडचा पठाण, त्यांना बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा आणि सकाळी त्यांच्या भुवया बघून मला सांगे, "जोशी साब, आज बाजी का मूड टेढ़ा है."

त्यांचे यजमान अबू धाबीला वेल्डर होते. ते वारल्यावर सगळ्यांना वाटलं, बाई वसईला परत जातील. त्या दुबईच्या देरा भागात एका मल्याळी नर्सबरोबर खोली घेऊन राहिल्या आणि क्लबाच्या लोडिंग रूममध्ये नोकरीला लागल्या. "घरी जाऊन काय करू? दीर वाडीत बंगला बांधतोय, मी त्याच्या सिमेंटला पाणी मारू?"

लोडिंग रूम म्हणजे रेंजच्या मागची, गोळ्या भरायची एक बसकी खोली. एका कोपऱ्यात शिसं वितळवायचं भांडं, बाजूला साचे, भिंतीशी हाताच्या दांड्याचा प्रेस आणि काचेच्या पेटीत तराजू. टायरवाल्यांकडून चाकांना लावायची शिशाची वजनं पोत्यानं यायची. शिवाय रेंजच्या टोकाला वाळूचा उंच बांध होता, त्यात झाडलेल्या गोळ्या रुतून बसायच्या. त्या चाळून परत भांड्यात जात. शिसं ओतून झालं की बाई ग्लासभर दूध पीत आणि गुळाचा खडा तोंडात टाकत. कारखान्यातली सवय. मग थंड झालेली एकेक गोळी लोखंडी पट्टीवर वितीभरावरून टाकत आणि मान कलती करून ऐकत. टण् वाजली की डबीत, ठप् वाजली की परत भांड्यात. "घाईत ओतलेलं शिसं खोटं बोलतं," असं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं.

क्लबाचे मालक बू खालिद, म्हणजे खालिदचे वडील. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. सैन्यातून निवृत्त झालेले, पांढरी दाढी, आणि जुन्या अमिरातींना येते तशी झकास हिंदी. त्यांना मॅग्नम रिव्हॉल्व्हरचं वेड. रेंजच्या पार टोकाला त्यांनी लोखंडी पत्र्याची जनावरं उभी केली होती, त्यात एक ओरिक्स होता, लांब शिंगांचं वाळवंटी हरीण. जाड पत्र्याचा. विकतच्या हलक्या गोळ्या त्याच्यावर आदळून टणत्कार करत, पण तो पडत नसे. बू खालिदना तो पाडायचा होता. जड गोळी पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. मार्थाबाईंचंही तेच म्हणणं. दोघांचं एकमत झालं म्हणजे काम सोपं, असं मला वाटलं होतं.

पहिला घाणा साफ फसला. शिसं मऊ पडलं, ते नळीच्या आतून चोपडलं गेलं, आणि गोळ्या ओरिक्सच्या अलीकडे वाळूत शिरल्या. शेर झमान ती नळी घासत बसला. बू खालिद ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मार्था, तुमने मेरी बंदूक में पेन्सिल घुसा दिया."

बाईंनी तो अख्खा हिवाळा त्यात घातला. कथिल वाढव, साचा बदल, मेणाचं वंगण बदल. प्रत्येक बदलानंतर वेग मोजायचा. त्यासाठी एक यंत्र होतं, क्रोनोग्राफ. आम्ही क्रोनो म्हणायचो, बाई 'डोळा' म्हणत. दोन छोट्या चौकटी थोड्या अंतरानं मांडायच्या, गोळी वरून गेली की तिची सावली आधी एकीवर पडते मग दुसरीवर, आणि तेवढ्यावरून वेग किती ते डब्यावर हिरव्या आकड्यांत उमटतं. सेकंदाला इतके फूट. आकडा उमटला की डबा एकदा पीं करतो. गोळीचा आकडा साधारण हजाराच्या आगेमागे असायचा. बाई झाडणाऱ्याकडे बघत नसत, ओरिक्सकडेही नाही. डब्याजवळ स्टूल टाकून बसत आणि आकडा मोठ्यानं वाचत.

शेवटी एका सकाळी बू खालिदनी नवी गोळी झाडली आणि बाईंनी आकडा वाचला. म्हातारा नाराज झाला.

"ये तो स्लो है, मार्था."

"स्लो है साब. लेकिन रुकेगा नहीं."

दुसऱ्या गोळीला ओरिक्स मागच्या पायांवर उभा राहिल्यासारखा झाला आणि धाडकन आडवा झाला. बू खालिदनी रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना खजुराच्या पेट्या मिळाल्या. बाई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "वेग काय, आकड्यात दिसतो. वजन अंगावर आलं की कळतं."

पुढच्याच वर्षी सगळ्यांच्याच अंगावर आलं.

दोन हजार आठचा हिवाळा, मंदीचा. दिवाळीपर्यंत सभासदांची रांग लागायची, नाताळ उजाडला तेव्हा निम्मे लॉकर उघडेनासे झाले. कुणाची कंपनी बुडाली, कुणी कुटुंबाला आधी पाठवून मग आपण निघून गेला, कुणी निरोपही दिला नाही. शहराकडून येताना अर्ध्या बांधलेल्या टॉवरवरच्या क्रेन दिसायच्या, त्या हलत नसत. रेंजवर दुपारभर वाऱ्याशिवाय आवाज नसे.

मार्थाबाईंचं काम मात्र चालूच. प्रत्येक सभासदाला मानवेल तशी गोळी त्या वेगळी करून त्याच्या नावाच्या डबीत ठेवत. गेलेल्यांच्या डब्यासुद्धा फडताळात तशाच होत्या, वरची धूळ रोज पुसलेली.

मी म्हटलं, "आता कोण येतंय परत, मार्थाबाई? खलास झालं ते."

"घाईत निघालेला माणूस सगळा जात नाही, जोशी," त्या म्हणाल्या. "काहीतरी मागं राहतंच त्याचं."

मला वाटलं, सामानाबद्दल बोलतायत.

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर सरपोतदार आले. हे आमचे जुने सभासद, मूळ सांगलीचे, इमारतींच्या पाणीपुरवठ्याची कामं घेणारे इंजिनियर. जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहायचे. गोल चेहऱ्याचे, गप्पिष्ट गृहस्थ. नेम यथातथाच, पण चुकला की स्वतःच आधी हसायचे. त्यांचा भागीदार एका शुक्रवारी विमानात बसून निघून गेला होता आणि सगळ्या कागदांवर सह्या यांच्या होत्या. हे आम्हाला नंतर कळलं.

टळटळीत दुपार होती. ऑफिसचे कपडे, टाय घातलेला. मी लोडिंग रूममध्ये गॅसच्या परवान्याची तारीख बघायला गेलो होतो, तेवढ्यात ते दारात उभे राहिले.

"मार्थाबाई, एक गोळी पाहिजे. जड."

"एक डबी?"

"नाही. एकच गोळी."

बाईंच्या हातातला साचा तसाच राहिला. भुवया त्या दिवशी चकित काढलेल्या होत्या, पण खालचे डोळे अगदी शांत झाले.

"कशासाठी?"

"बघतो म्हटलं, कशी आहे ती."

"बघा की. बसा. वेळ लागेल जरा," बाई म्हणाल्या. त्यांनी त्यांना आपल्या स्टुलावर बसवलं, आपल्या वाट्याचं दूध दिलं, गुळाचा खडा हातावर ठेवला. सरपोतदारांनी निमूटपणे खाल्ला. बाई पाठमोऱ्या प्रेसशी काहीतरी करत राहिल्या, अगदी सावकाश. मग एक चकचकीत गोळी आणून त्यांच्या तळहातावर ठेवली. ते थँक्यू म्हणाले. ते वळल्याबरोबर बाईंनी दारातून शेर झमानकडे पाहिलं आणि स्वतःच्या डाव्या हाताचं मनगट उजव्या हातात घट्ट पकडून दाखवलं. पठाण समजला.

सरपोतदार सहा नंबरच्या लेनवर गेले. शेर झमान त्यांच्या पाठीशी, अगदी श्वास लागेल एवढा जवळ उभा राहिला. मी आणि बाई काही पावलं मागं. सकाळी बू खालिदनी तिथंच चाचणी घेतली होती, त्यामुळे क्रोनोच्या चौकटी मांडलेल्या आणि डबा चालू राहिलेला.

सरपोतदारांनी रिव्हॉल्व्हर उचललं. नळी समोर नव्हती.

खट् असा कोरडा आवाज आला. शेर झमाननं त्याच क्षणी त्यांचा हात धरून खाली ओढला. गोळीत दारू नव्हतीच. नुसतं शिशाचं वजन, आत रिकामं. बाईंनी सगळं मुद्दाम तसं करून दिलं होतं.

आणि डबा वाजला. पीं.

लेनवर काही गेलं नव्हतं. जाण्यासारखं काही नव्हतंच. मी डब्याकडे पाहिलं. हिरवा आकडा, अठ्ठावीस. गोळी हजारानं जाते. हातानं भिरकावलेला दगडसुद्धा अठ्ठावीसहून जोरात जातो. बाईंनी वाकून तो वाचला, पहिल्यांदाच मनात, आणि मग चौकटींच्या पलीकडे, बांधाच्या दिशेनं बघत राहिल्या, पळत लांब जाणाऱ्या माणसाकडे बघतात तसं.

बू खालिदना फोन केला. ते आले, सरपोतदारांजवळ जमिनीवर मांडी घालून बसले, त्यांचा हात हातात घेतला. मग आम्हाला म्हणाले, "ये मेहमान है. पोलीस-वोलीस कुछ नहीं. खलास." मी सरपोतदारांना माझ्या गाडीतून घरी पोचवलं. लिफ्टनं वर गेलो तर त्यांच्या मजल्यावर बहुतेक दारांसमोर हॉटेलवाल्यांनी टाकलेल्या मेन्यूकार्डांचे न उचललेले ढीग साचले होते. फक्त एका दारापुढं रांगोळी होती. त्यांच्या बायकोनं, वृंदावहिनींनी, दार उघडलं. मी सगळं सांगेपर्यंत सरपोतदार सोफ्यावर हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. निघताना मला म्हणाले, "आपल्याला फार तसदी दिली." इतक्या वर्षांत ते मला कधी 'आपण' म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं, सरळ 'नाही' असं का म्हटलं नाहीत?

"नाही म्हटलं असतं तर हो म्हणून बाहेर पडला असता. बाहेर उंच इमारतींना काय तोटा आहे?"

"आणि तो आकडा?"

त्या गोळ्या ऐकत होत्या. टण्. टण्. "जो मरायला आला होता तो पळाला, जोशी. घाबरून पळाला. आता हा जो घरी नेऊन सोडलास, तो कोण आहे ते बघायला पाहिजे."

मी हसलो. माशी असेल, उन्हाची थरथर असेल. कडक उन्हात या यंत्राला खोट्या सावल्या दिसतात, हे त्याच्यासोबत आलेल्या पुस्तिकेतही छापलेलं होतं. हे मी आजही सांगतो, कुणी विचारलं तर.

पण पुढं सबंध उन्हाळा सहा नंबरचा डबा दुपारी अधूनमधून वाजायचा. लेनवर कुणी नसताना. इतर लेनवर नेऊन ठेवला की गप्प. शेर झमाननं तिकडं फिरकणं सोडलं. "वहाँ कोई टहलता है," तो मला म्हणाला आणि थुंकला. मार्थाबाई मात्र शिसं ओतून झालं की स्टूल घेऊन तिथं जाऊन बसत, मांडीवर रोझरीची माळ. डबा वाजला की आकडा बघत. मी एकदा गेलो तेव्हा आकडा पाच होता.

"आज चालतोय," त्या म्हणाल्या. "दमला असेल."

मी ऑफिसात परतून यंत्राची पुस्तिका पुन्हा काढून वाचली.

एके दिवशी वृंदावहिनी टॅक्सी करून क्लबात आल्या. सोबत धाकटी मुलगी. ऑफिसात न येता थेट लोडिंग रूमकडे गेल्या, म्हणून मी मागोमाग गेलो. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, त्या बसल्या नाहीत.

"मार्थाबाई, तुम्हाला वेडगळ वाटेल. पण विचारते. माझा नवरा इथं राहिलाय का?"

बाईंनी हातमोजे काढले. "सांगा."

"सगळं ठीक आहे हो. जेवतात, अंघोळ करतात, वकिलाकडे जाऊन येतात. पण दाढी करताना चुकीचे शब्द घालून गाणी म्हणायचे ते बंद. चहात साखर आहे की नाही ते कळत नाही. उताणे झोपतात, आणि सकाळी तसेच असतात, चादरीला सुरकुती नाही. मला विंदे म्हणायचे. आता वृंदा म्हणतात, आणि आधी 'अगं जरा' म्हणून परवानगी घेतात. मला भीती वाटते त्यांची. माझ्या स्वतःच्या नवऱ्याची."

मुलगी फडताळातल्या डब्यांवरची नावं वाचत होती. न वळता म्हणाली, "डॅड इज फाइन, आई. ही इज जस्ट... व्हेरी पोलाइट."

भांड्यातलं शिसं गार होताना वरची साय आक्रसत होती, तिचा बारीक आवाज येत होता.

"त्यांना घेऊन या," मार्थाबाई म्हणाल्या. "दुपारी. तुम्ही घरी काय हाक मारता त्यांना?"

वहिनी जरा लाजल्या. "अण्णू."

तिघं आली त्या दिवशी रेंज बंद ठेवली होती, बंदुका कपाटात, किल्ली बू खालिदांच्या खिशात. म्हातारा मुद्दाम आला होता आणि सावलीत तोंडातल्या तोंडात कुराणातल्या आयता पुटपुटत बसला होता. मार्थाबाईंनी चौकटी सहा नंबरवर जमिनीलगत मांडल्या, माणूस ओलांडून जाईल अशा. मग सरपोतदारांना म्हणाल्या, "तिकडं तो लोखंडी ओरिक्स आहे ना, तिथपर्यंत जायचं. मग परत यायचं. एवढंच."

"बरं," सरपोतदार म्हणाले. एका शब्दानं विचारलं नाही, का. रणरणत्या उन्हात इस्त्रीच्या शर्टात ते चालत गेले. डबा वाजला नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, ते दोन्ही चौकटी ओलांडून गेले आणि डबा वाजला नाही. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं फक्त.

ओरिक्सपाशी जाऊन ते वळले. उन्हाच्या लाटांत त्यांचे पाय दिसत नव्हते, नुसता वरचा शर्ट तरंगत होता.

"हाक मारा," बाई म्हणाल्या.

"अण्णू," वहिनींनी हाक मारली. ते चालू लागले. तसेच, एका चालीनं, पाहुण्यासारखे. अर्ध्यावर येऊन थांबले. इकडं तिकडं बघू लागले, जसं काही कुणी आणखीही तिथं उभं असावं आणि वाट कुणी आधी घ्यायची ते ठरत नसावं.

"पुन्हा मारा. घरातल्यासारखी."

वहिनींचा धीर सुटला. त्या रडत रडत किंचाळल्या, "अण्णू! अरे मेल्या, किती वेळ उभी राहू मी? पोरगी उन्हात आहे!"

तेव्हा ते पळत सुटले. वाळूत पाय रुतवत, टाय खांद्यावर उडवत, तोंड वासून. चौकटींवरून उडी मारल्यासारखे आले आणि डबा पीं करून वाजला. ते येऊन वहिनींच्या अंगावर कोसळलेच. दोघं खाली बसली. मुलगी आधी मागं सरकली, मग तिनं त्यांच्या पाठीला मिठी मारली. सरपोतदार हुंदके देत एकच वाक्य म्हणत होते, ते मी अजून विसरलेलो नाही.

"मी इथंच होतो गं विंदे. कुणी न्यायलाच येईना."

मी त्यांच्याकडे बघत होतो, म्हणून मला उशिरा कळलं. डबा पुन्हा वाजला होता. लेन मोकळी होती, वाळूवर सरपोतदारांची पावलं उमटली होती तेवढीच. बू खालिदांचं पुटपुटणं थांबलं. मार्थाबाईंनी डब्यावरचा दुसरा आकडा वाचला, मान वर करून सरपोतदारांच्या मागं, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर पाहिलं, आणि डबा बंद केला.

नंतर मी विचारलं, "मार्थाबाई, दुसरा कुणाचा?"

"त्याच्या मागनं आला असेल कुणी."

"कोण?"

"घाईत गेलेले काय थोडे आहेत, जोशी? ह्याला हाक मारणारं माणूस होतं. सगळ्यांना कुठं असतं?"

सरपोतदारांचं नंतर रीतसर सगळं झालं. त्या सह्यांवरून कोर्ट झालं, काही महिने आत राहून आले, वहिनी दर आठवड्याला भेटायला जात. आता सांगलीत त्यांचं नळफिटिंगचं दुकान आहे. मी एकदा गेलो होतो. गिऱ्हाइकाशी भांडत होते. फार बरं वाटलं.

सहा नंबरचा डबा त्या दिवसानंतर कधी वाजला नाही. शेर झमान तिकडं पूर्वीसारखा जाऊन नमाज पढू लागला. बदलल्या त्या मार्थाबाई. कुणाच्या लक्षात येईल एवढ्या नाही. दारातून आत आल्या की दार लगेच सोडत नसत, क्षणभर धरून ठेवत. बसमध्ये पेन्सिल हातात घेऊन नुसत्या बसायच्या, कधी कधी भुवया न काढताच क्लबात येत. तसा चेहरा पाहिला की कुठलाच भाव वाचता येत नसे. एकदा मी म्हटलं, "एकट्याच काय पुटपुटता हो?" तर म्हणाल्या, "नाव आठवतंय का विचारत होते."

कुणाला विचारत होता, ते मी विचारलं नाही.

काही वर्षांनी बू खालिद आजारी पडले, मुलाला क्लबात रस नव्हता, आणि क्लबात गोळ्या भरायचे नियमही कडक झाले. लोडिंग रूम बंद झाली. मार्थाबाईंनी शेवटचं शिसं वितळवून त्याच्या विटा केल्या, साचे तेल लावून गुंडाळले, आणि गेलेल्या सभासदांच्या डब्या एकेक उघडून गोळ्या सुट्या केल्या. प्रत्येक डबी उघडताना वरचं नाव मोठ्यानं वाचत होत्या. त्यांच्या मालाला कुणी वारस नव्हता, पण नाव घेतल्याशिवाय एकही डबी उघडली नाही.

त्यांना विमानतळावर सोडायला मी गेलो. देऱ्यातून निघताना त्यांनी मल्याळी नर्सला मिठी मारली. टर्मिनलच्या दाराशीच सामान तपासायचं यंत्र होतं, तिथून पुढं मला परवानगी नव्हती, पण काचेतून सगळं दिसत होतं.

त्यांचं विमान चुकलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. बू खालिदांच्या माणसाचा फोन वेळेवर आला. पण त्याआधी तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं त्यांच्या तळहातांवरून एक पांढरी पट्टी फिरवली आणि यंत्रात घातली. यंत्र कोकलायला लागलं. बंदुकीच्या दारूचा वास त्यांच्या हातात वर्षानुवर्षं मुरलेला, तो साबणानं थोडाच जातोय. अधिकाऱ्यानं दुसरी पट्टी घेतली, तिसरी घेतली. यंत्र दर वेळी ओरडलं. बाई दोन्ही हात उघडे पुढं धरून शांतपणे उभ्या होत्या, जशी काही मेंदी बघायला दिली असावी.

मग त्यांना बाजूच्या बाकावर बसायला सांगितलं. त्या बसल्या. आधी मधोमध बसल्या होत्या. मग उठून, फ्रॉकचा घेर सावरून, कडेला सरकून बसल्या. बाकाचा उरलेला भाग मोकळा सोडला.

अधिकारी फोन कानाला लावून आला. बोलत बोलत त्या मोकळ्या जागी टेकणार, इतक्यात मार्थाबाईंनी हात आडवा केला. रागानं नाही. अदबीनं, पाहुण्याची जागा राखताना यजमानीण करते तसा. काचेमुळं मला शब्द ऐकू आले नाहीत. तो तरुण थबकला, त्यानं बाकाच्या रिकाम्या भागाकडे पाहिलं, आणि फोनवरचं बोलणं थांबवून, का ते त्यालाही कळलं नसावं, दोन पावलं मागं सरून भिंतीला टेकून उभा राहिला.